तरंगत राहिलेली घटिका

गेल्या वसंतात, हॅरोमधल्या एका स्वयंपाकघरात, पाण्याने भरलेल्या घंगाळात मला सोडण्यात आले आणि मी बुडाले नाही. मला सकाळी सोडले होते. दुपारची जेवणे झाली, चहा झाला, कपबशा विसळून झाल्या, तरी मी तरंगतच होते.

मित्रांनो, मी तांब्याची एक जुनी घटिका आहे. बुडणे हेच माझे काम आहे. माझ्या तळाला मधोमध एक बारीक भोक आहे. मला पाण्यावर ठेवले की त्या भोकातून पाणी हळूहळू आत शिरते, आणि चोवीस मिनिटांनी भरून मी तळाला जाते. घरोघरी घड्याळे नव्हती तेव्हा लग्नाचा मुहूर्त असाच मोजत. माझ्याजवळ एक जाणता माणूस बसे, मी बुडाले की ‘घटिका भरली’ असे मोठ्याने सांगे, आणि मग वधूवरांमधला अंतरपाट दूर होई. मला धर्म नाही, जात नाही, मतही नाही. मला वजन आहे आणि एक भोक आहे. लोकांनी मला पवित्र मानले त्याला माझी हरकत नव्हती. त्याने माझ्या बुडण्यात फरक पडत नव्हता.

मला पुण्याच्या तांबट आळीत घडवले. तांबटाने ठोकून ठोकून माझा पत्रा सारखा केला, मग भोक मुद्दाम लहान पाडले आणि घड्याळ समोर ठेवून ते सुईच्या टोकाएवढे, आणखी सुईच्या टोकाएवढे असे वाढवत नेले. वेळ जुळताच हत्यार खाली ठेवले. त्याच्या त्या थांबण्याचे मला अजून कौतुक वाटते. योग्य जागी थांबणे ही कला पुष्कळांना साधत नाही.

अर्चनाबाईंच्या बॅगेत, दोन पैठण्यांच्या मध्ये बसून मी इंग्लंडला आले. त्यांचे यजमान रघुवीरराव नोकरी सांभाळून भिक्षुकी करत. निवृत्त झाल्यावर त्यांनी गॅरेजमध्ये लग्नसाहित्याचे दुकान मांडले: मांडव, चौरंग, अंतरपाट, मुंडावळ्या, समया, घंगाळ आणि मी. सगळे भाड्याने. हॅरो, लेस्टर, मँचेस्टर अशा ठिकाणी मराठी लग्ने लागत, आणि व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर, सीटबेल्ट लावून, मी रघुवीररावांच्या शेजारी असे. माझे फोटो निघत. गोरे पाहुणे वाकून वाकून माझ्या पोटात पाहत. ते माझे भाग्याचे दिवस होते.

पुढे मुहूर्त थोडे लांबू लागले. लोक त्याचा दोष मोटरवेला देत, पार्किंगला देत, नवरीच्या मेकअपला देत. मला कोणी विचारले नाही. नंतर प्रत्येकाच्या खिशात अचूक घड्याळ आले आणि माझी मागणी थांबली. मला काचेच्या कपाटात ठेवले. रघुवीररावांनी मात्र माझी सेवा सोडली नाही. दर शुक्रवारी ते मला नळाखाली धरत, खिडकीत वाळवत आणि हळदकुंकू लावून पुन्हा कपाटात ठेवत. मला घासायला त्यांनी कोणालाही परवानगी दिली नाही. “घासली की भोक मोठं होतं, वेळ चुकते,” असे ते म्हणत. हा विचार शास्त्रशुद्ध होता. लोक मला विसरले तरी मी स्वच्छ होते, निदान तसे सर्वांना वाटत होते.

आणि एका शनिवारी शार्दूल आला.

शार्दूल पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, चारचौघांसारखा मुलगा. त्याने मांडव पाहिला, अंतरपाट पाहिला, मग कपाटाजवळ येऊन माझ्याकडे बोट दाखवले. “काका, ही खरीच बुडते?”

“खरीच म्हणजे? मुद्दाम पुण्याहून आणलीय,” रघुवीरराव खूश होऊन म्हणाले. “हल्ली पोरांना जुनं पुन्हा आवडायला लागलंय. पुढच्या रविवारी अपूर्व आणि उर्वीच्या लग्नालाही ही जाणार आहे. बरं, मुंडावळ्या काढून ठेवतो. वराची एक, वधूची एक.”

“वराच्या दोन द्या.”

“एक जादा? तुटेबिटेल म्हणून?”

“नाही काका. वर दोन आहेत.”

रघुवीररावांच्या हातात एक मुंडावळी होती. ती तशीच राहिली.

“दोन म्हणजे... तू आणि?”

“सम्यक. नागपूरचा आहे. इथे हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. कोर्टाचं, म्हणजे रजिस्ट्रारचं सगळं झालंय आमचं. हा घरचा सोहळा.”

रघुवीरराव वाईट माणूस नव्हते. ते ओरडले नाहीत. त्यांनी मुंडावळी नीट गुंडाळून डब्यात ठेवली आणि खाली पाहत म्हणाले, “राग मानू नकोस, पण हे मला जमायचं नाही. माझ्या श्रद्धेत बसत नाही.”

“मंत्र तुम्ही म्हणू नका, काका. मी ते मागतच नाहीये. मांडवही राहू द्या हवं तर. ही घटिका तेवढी द्या.”

“तिच्यावाचून काय अडलंय? फोन आहे की तुझ्या खिशात.”

शार्दूलने मग खरे कारण सांगितले. त्याचे वडील हवामान खात्यातून निवृत्त झालेले, मोजके बोलणारे. सम्यकबद्दल कळल्यापासून त्यांनी लग्न या विषयावर एक शब्द काढला नव्हता. ‘हो’ म्हटले नव्हते की ‘नाही’ म्हटले नव्हते. शेवटी गेल्या आठवड्यात फोनवर त्यांनी अचानक विचारले होते, “घटिकेपाशी कोण बसणार आहे?” त्यांच्या दोन्ही मुलींच्या लग्नात तेच बसले होते.

“मी काही म्हणायच्या आत,” शार्दूल म्हणाला, “तेच म्हणाले, मी बसतो. काका, बाबांना यापेक्षा जास्त बोलता येत नाही. घटिका नसेल तर ते म्हणतील, मग माझं तिथे काय काम? आणि तिकीट रद्द करतील. मी ओळखतो त्यांना.”

रघुवीररावांनी मुंडावळ्यांचा डबा बंद केला. “तपासून कळवतो,” एवढेच म्हणाले.

रात्रीच्या जेवणाला त्यांची मुलगी ऋजुता आली होती. ती एका कंपनीत एचआरमध्ये आहे आणि तिचे मराठी लिंगांच्या बाबतीत फार उदार आहे.

“बाबा, तुमचा नकार बेकायदेशीर आहे हं. दर वर्षी मी हाच ट्रेनिंग देते. दुकान सगळ्यांसाठी असला की तो गे आहे म्हणून नाही म्हणता येत नाही.”

“का? या देशात धर्मस्वातंत्र्य नाही?”

“आहे ना! भटजी म्हणून तुम्हाला कोणी फोर्स नाही करू शकत. मंत्र नका म्हणू, पूजा नका सांगू, टोटली फाइन. पण वस्तू भाड्याने देणं सर्व्हिस आहे.”

“ही नुसती वस्तू नाहीये, ऋजू. विळी भाड्यानं देणं निराळं. हिची मी पूजा करतो.”

“मग वेबसाइटवर कशाला ठेवली? मी बघितला, कार्टमध्ये ॲड होते ती.”

रघुवीररावांनी आमटीत लक्ष घातले. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता आणि तिचाही नव्हता, हे मी गॅरेजच्या उघड्या दारातून, कपाटात बसून ऐकत होते. जी वस्तू देव्हाऱ्यातही असते आणि दुकानातही, तिच्या मालकाची अशी ओढाताण होणारच.

मग अर्चनाबाई बोलल्या. “आपला पहिला गणपती कुठे बसला, आठवतं का हो? चर्चच्या हॉलमध्ये. ते पाद्रीबुवा स्वतः किल्ली घेऊन आले होते.”

“त्याचं इथे काय?”

“त्यांना का आपला गणपती मान्य होता? मी म्हटलं, आरतीला थांबा, प्रसाद घ्या. तर हसून म्हणाले, आत मी येणार नाही, पण हीटिंग लावून ठेवलंय. अठरा लोक होतो, थंडीनं मेलो असतो. त्यांनी किल्ली दिली आणि ते आरतीला आले नाहीत. दोन्ही केलं. त्यांचा देव काही बुडाला नाही.”

“ऐकलंत?” ऋजुता म्हणाली. “आई माझ्यापेक्षा चांगला ट्रेनिंग देते.”

रघुवीरराव उठले. “उद्या तिची चाचणी घेतो. कोणालाही देण्याआधी घेतो तशीच. मग बघू.”

दुसऱ्या दिवशी जे घडले ते मी सुरुवातीलाच सांगितले आहे. चहानंतर रघुवीरराव घंगाळासमोर हात जोडून उभे राहिले. त्यांचा चेहरा एकाच वेळी घाबरलेला आणि सुटल्यासारखा दिसत होता.

“अर्चना, बघ. मी काहीच केलेलं नाही. ती स्वतःच नाही म्हणतेय. हा कौल आहे.”

“कसला कौल?”

“त्या लग्नाला. देवाला मान्य नाही. आता कायदा काय करणार आहे? बुडतच नाही तर देणार काय?”

अर्चनाबाईंनी ओले हात पदराला पुसले. त्यांनी कधीकाळी पुण्याच्या शाळेत विज्ञान शिकवले होते, आणि वर्गातला जो मुलगा घाईने निष्कर्ष काढी त्याच्याकडे त्या जशा पाहत तशाच आता पाहत होत्या.

“बरं. आता अपूर्व-उर्वीसाठी सोडा.”

“म्हणजे?”

“तेही हीच नेणार आहेत ना? मग त्यांचं नाव घ्या, संकल्प करा, आणि पुन्हा सोडा. एका लग्नाचा कौल घेतलात, दुसऱ्याचाही घ्या. तुलना नको का करायला?”

रघुवीररावांना नाही म्हणता येईना. त्यांनी मला बाहेर काढले, पुसले, अपूर्व आणि उर्वी यांच्या नावांचा स्पष्ट उच्चार केला आणि मला पुन्हा पाण्यावर सोडले. दोघे खुर्च्या ओढून बसले. मी तरंगत राहिले. बाहेर अंधार पडला. मी तरंगत राहिले.

“काय हो,” अर्चनाबाई म्हणाल्या, “या लग्नालाही देवाची हरकत दिसतेय. पत्रिका तर तुम्हीच जुळवलीत. छत्तीसपैकी एकतीस गुण!”

रघुवीररावांनी माझ्याकडे पाहिले, बायकोकडे पाहिले आणि मग ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. कौल म्हणावा तर तो सर्वांना सारखाच लागू होता, आणि सर्वांना सारख्याच लागू होणाऱ्या कौलावरून दोघांत फरक करता येत नाही. हे त्यांना कोणी समजावून सांगितले नाही. ते प्रामाणिक होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर घंगाळ होते, तेवढे पुरले.

“हिला काहीतरी झालंय,” ते म्हणाले.

“मग आता मला घासू द्या.”

कित्येक वर्षांनी मला चिंच लागली. अर्चनाबाईंनी कोळ माझ्या तळाला लावला, आणि भोकाच्या जागी बारीक बारीक बुडबुडे येऊ लागले. रघुवीररावांनी पंचांग वाचायचे भिंग आणले. भोकात पांढरा खडा बसला होता. “अगं, हे तर किटलीत साचतं तेच!” ते म्हणाले. कोळ बदलून बदलून खडा विरघळवला. त्या रात्री मला पुन्हा पाण्यावर सोडले तेव्हा मी अगदी वेळेवर, आवाज करून बुडाले. त्यांनी टाळी वाजवली. फक्त झोपायला जाताना ते पुटपुटले, “पण अंगाला कुठेच नाही. नेमका भोकातच का साचला?” आणि मग शार्दूलला फोन लावला.

“घटिका ठीक आहे. मांडव, मुंडावळ्या, सगळं देतो. स्वतः लावून देईन. पण मंत्र मी म्हणणार नाही आणि आत थांबणार नाही. हे तुला आधीच सांगितलेलं बरं.”

“काका, मी मंत्र मागितलेच नव्हते,” शार्दूल म्हणाला. त्याचा आवाज फोनबाहेर ऐकू येण्याइतका आनंदी होता.

लग्न कौन्सिलच्या हॉलमध्ये होते. रघुवीररावांनी मांडव उभा केला, समया लावल्या, घंगाळ भरले, माझ्या कडेला कुंकवाचे बोट लावले आणि ते व्हॅनमध्ये थर्मास उघडून बसले. मंगलाष्टके शार्दूलच्या बहिणींनी म्हटली. चाल दोघींची वेगवेगळी होती, पण दोघी ठाम होत्या.

माझ्याजवळ शार्दूलचे वडील बसले. उंच, सडपातळ गृहस्थ. हॉलमध्ये आल्यापासून ते कोणाशीही बोलले नव्हते. मुलाकडेही ते नीट पाहत नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि नजर माझ्यावर लावली. त्या नजरेत मी सुरक्षित होते. मोजणारा माणूस कसा पाहतो ते तांब्याला कळते.

थोड्या वेळाने सम्यकच्या आई शांताबाई त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. नागपूरच्या, पांढऱ्या साडीतल्या, स्पष्ट बोलणाऱ्या.

“मी मुहूर्त मानत नाही हो,” त्या म्हणाल्या. “आमच्यात सगळे दिवस चांगले. आधीच सांगून ठेवते.”

“नका मानू,” ते माझ्यावरची नजर न हलवता म्हणाले. “बुडणं मानता ना?”

“ते तर डोळ्यांनी दिसते.”

“मग पुरे.”

शांताबाई हसल्या. तेही हसले, पण ओठांतल्या ओठांत. त्यानंतर दोघे वाकून माझ्याकडे पाहू लागले, जणू मी एखादे आजारी मूल आहे. पाणी माझ्या काठाशी आले. शांताबाईंनी श्वास रोखला. मी बुडाले.

आता बोलायचे काम त्यांचे होते. घटिकेजवळ बसलेला माणूस बोलल्याशिवाय अंतरपाट हलत नाही. हॉल शांत झाला. पडद्याच्या एका बाजूला शार्दूल होता, दुसऱ्या बाजूला सम्यक. ते गृहस्थ उभे राहिले. त्यांनी पहिल्यांदा मुलाकडे सरळ पाहिले, मग पडद्याला वळसा घालून सम्यककडे पाहिले.

“घटिका भरली,” ते म्हणाले. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले. मग त्यांनी, कोणी सांगितलेले नसताना, अंतरपाटाचे एक टोक धरून तो स्वतःच्या हाताने दूर केला. अक्षतांचा मारा इतका जोरात झाला की त्यांतल्या काही घंगाळात माझ्यापर्यंत पोचल्या.

जेवणे सुरू झाली तेव्हा रघुवीरराव साहित्य गोळा करायला आत आले. शार्दूलच्या वडिलांनी मला आधीच पाण्यातून काढून उपरण्याने पुसून ठेवले होते.

“उत्तम घटिका आहे,” ते म्हणाले. “पुण्याची?”

“तांबट आळी. पण काय सांगू, गेल्या महिन्यात बुडेचना. भोकात चुना साचला होता. अंगावर कुठेच नाही, नेमका भोकात. माझ्या अजून डोक्यातून जात नाही.”

“धुतल्यावर ठेवता कशी?”

“खिडकीत. उताणी.”

“पालथी नाही घालत?”

“छे! पूजेचं भांडं पालथं घालू नये. अशुभ.”

शार्दूलच्या वडिलांनी मला उचलून उजेडात धरले. आयुष्यभर त्यांनी पर्जन्यमापके तपासली होती. त्यांतली नरसाळी का तुंबतात हे त्यांना ठाऊक होते. “तुमच्या हॅरोच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही ना?” त्यांनी विचारले.

“नाही येत. अर्चना रोज कुरकुरते.”

“बसा,” ते म्हणाले. “श्रीखंड चांगलं झालंय. बसा, सांगतो.”

रघुवीररावांनी दाराकडे पाहिले, व्हॅनकडे पाहिले. मंत्र संपले होते. राहिले होते ते जेवण. ते बसले. शांताबाईंनी त्यांच्या पानात पुरी वाढली.

मित्रांनो, जी वस्तू तुम्हाला प्रिय आहे तिची काळजी घ्या, पण ती कशी घेता हेही कधीतरी तपासून पाहा. हल्ली मला पुसून पालथी घालतात. अपूर्व आणि उर्वीच्या लग्नातही मी वेळेवर बुडाले होते. त्या वसंतात मी का बुडाले नव्हते, त्याचे कारण असे: हॅरोच्या पाण्यात चुना असतो. दर शुक्रवारी धुतल्यावर मला उताणी ठेवत, त्यामुळे अंगावरचे पाणी ओघळून तळाशी येई आणि शेवटचा थेंब भोकात अडकून तिथेच सुके. पाणी उडून जाई, चुना मागे राही. असे वर्षानुवर्षे झाले आणि भोक बंद झाले.